२५६ केबीत केरमिट: मामांच्या एक्सटीतून फाइली काढतानाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, कराड

भाऊबीज. ओवाळणं उरकलं आणि मी माळ्यावर चढलो. मामांचा पीसी-एक्सटी, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या घडणीचा संगणक, पोत्यात गुंडाळून ठेवला होता, वर जुन्या छत्र्या. ८०८८ प्रोसेसर, ४.७७ मेगाहर्ट्झ, ६४० केबी मेमरी, एक ३६० केबीचा फ्लॉपी ड्राइव्ह आणि सीगेटची एसटी-२२५ हार्ड डिस्क, २० एमबी. स्टँडाजवळच्या टायपिंगच्या दुकानात यावर मामांनी अर्ज, खरेदीखतं आणि लग्नपत्रिका टाइप केल्या. गिऱ्हाईक नसेल तेव्हा स्वतःचं काम: गुऱ्हाळ आणि मोट यांचे शब्द. काहील, चुलवाण, गुळव्या, चिपाड, ढेप. नाडा, सोंदूर, धाव, थारोळं. १९९१ ते ९४ अशी चार वर्षं, म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून. छापील प्रत एकच होती, ती कुणीतरी वाचायला नेली ती नेलीच.

"चालू हुतोय का बघ. न्हाईतर दे भंगारात," मामा म्हणाले. म्हणताना डब्यावरचा हात काही काढला नाही.

ही डिस्क आजच्या कुठल्याही मशीनला लागत नाही. यूएसबीचं अडॅप्टर मिळतं ते आयडीई आणि साटा डिस्कचं. ही त्याआधीच्या एमएफएम पद्धतीची, दोन पट्टी केबलांची, स्वतःच्या कंट्रोलर कार्डाशिवाय मुकी. फ्लॉपी ड्राइव्हचा पट्टा विरघळून चिकट झालाय. मागे एकच दार दिसतं: २५ पिनांचा सीरिअल पोर्ट. तो मोडेमसाठी, टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडणाऱ्या डब्यासाठी. म्हणजे मोडेम सॉफ्टवेअर चालवायचं, मोडेम नसताना.

गाडीत घालण्याआधी चालू करून बघितला नाही. तीस वर्षांचे कपॅसिटर, घरभर पाहुणे, कशाला?

४ नोव्हेंबर, पुणे

डबा उघडून ब्रशने धूळ काढली. एक्सटीचं एक बरं: तारीख-वेळ सांभाळणारी बॅटरी नसते, त्यामुळे ती फुटून बोर्ड खाल्लाय असं होत नाही. सेटिंग सगळं बोर्डावरच्या बारक्या डिप स्विचांवर.

चालू केला. पंखा फिरला, डिस्क फिरली नाही. बंद केला, डिस्क काढून हातात धरली, मनगट झटकन फिरवलं, परत लावली. फिरली. आवाज गिरणीचा. मेमरी मोजता मोजता मात्र पॅरिटी एरर, म्हणजे कुठली तरी मेमरी चिप चुकतेय, आणि मशीन गप्प.

९ नोव्हेंबर

बोर्डावर मेमरीच्या चार रांगा. दोन रांगांत ४१२५६ चिपा, म्हणजे २५६-२५६ केबी. उरलेल्या दोन ६४-६४ केबीच्या. बेरीज ६४०. प्रत्येक रांगेत नऊ चिपा, आठ कामाच्या आणि नववी पॅरिटीची पहारेकरी. चिपांची अदलाबदल करून पाहिली तर दुसरी रांग दगा देतेय. तिच्यातली नेमकी कुठली चिप ते शोधायला दिवस जाईल, म्हणून नऊच्या नऊ उपटल्या. मधली रांग रिकामी ठेवून पुढच्या वापरता येत नाहीत, त्यामुळे तिसरी-चौथीही गेली. मेमरीचे डिप स्विच तीन आणि चार. बोर्डाचं पुस्तक नाही, चार जोड्या करून बघितल्या, तिसरी लागली.

२५६ केबी. डॉस ३.३ (ही या मशीनची ऑपरेटिंग सिस्टिम) वर आलं आणि त्यानं तारीख विचारली. त्याच्या मते आज १ जानेवारी १९८०.

मुंबईला लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात नऊ चिपा सांगून ठेवल्या. दोन आठवडे लागतील म्हणाले.

१० नोव्हेंबर

डॉस ३.३ मध्ये मेम कमांड नाही, चेकडिस्कच मेमरीचा हिशोब सांगते. एकूण २,६२,१४४ बाइट, मोकळे १,२१,९३६. अर्ध्याहून जास्त गेले कुठे? कॉन्फिग फाइल उघडली तर मामांच्या ६४० केबीच्या श्रीमंतीचे अवशेष. ६४ केबीची रॅम डिस्क (मेमरीतच मांडलेली खोटी डिस्क), ३० बफर (डिस्कवरचा मजकूर तात्पुरता ठेवायच्या जागा), पडद्यासाठीचा अँसी ड्रायव्हर. एक बफर म्हणजे डिस्कवरचा ५१२ बाइटांचा एक तुकडा, सेक्टर, आणि वर १६ बाइट, असे ५२८. तीसचे झाले १५,८४०. रॅम डिस्क काढली, बफर चारवर आणले, अँसीला रजा दिली. आता दोन लाख चार हजारांच्या आसपास मोकळे. मोबाइलच्या एका फोटोला आज यापेक्षा जास्त लागते, पण ती तुलना करून काही हाती लागत नाही. यात काय बसतं ते बघायचं.

डिस्कवरची यादी पाहिली. शब्दांच्या डिरेक्टरीत ३४० फाइली, सगळ्या मिळून १.४ एमबी. एक उघडली. पडदाभर चौकटीचे तुकडे.

हे अपेक्षित होतं. दुकानात सी-डॅकचं जिस्ट कार्ड होतं, पडद्यावर देवनागरी तेच दाखवायचं. ते आता मशीनमध्ये नाही. फाइलींत आहेत नुसते इस्कीचे कोड, म्हणजे १९९१ साली भारतीय मानक ठरलेली आठ बिटांची लिपीसंहिता. त्यात १२७ पर्यंत इंग्रजी आणि १६१ पासून पुढे आपली अक्षरं. त्याच आकड्यांवर आयबीएमनं रेघा आणि चौकटी ठेवल्यात. खात्रीसाठी मीच एक फाइल केली: ऑल्ट दाबून आकड्यांच्या कीपॅडवर २०४, २०७, २१८, १९०, २२०. म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. पडद्यावर ╠╧┌╛▄. हेच "मराठी".

१६ नोव्हेंबर

केबल. बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी २५ पिनांचं कनेक्टर मिळालं. दुकानदारानं विचारलं, "प्रिंटरचं का?" मी हो म्हणालो, लांबण लावली नाही.

नल मोडेम केबल म्हणजे मधले दोन्ही मोडेम आणि टेलिफोनची तार वगळून, एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात. पिन २ आणि ३ उलटसुलट, ७ जमीन. तीन तारा जोडल्या, दुसऱ्या टोकाला यूएसबी-सीरिअल अडॅप्टर आणि लिनक्सचा लॅपटॉप. एक्सटीवर फाइल कॉम-१ ला, म्हणजे सीरिअल पोर्टला, कॉपी करायला सांगितली. थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, कॉम-१ वर लिहिता येत नाही. अबॉर्ट, रिट्राय, इग्नोर, फेल?

तीन तारांवर लॅपटॉप खूश असतो, एक्सटीच्या बोर्डावरचा मूळ प्रोग्राम, बायॉस, नाही. एक्सटीचा बायॉस अक्षर पाठवण्याआधी डीएसआर आणि सीटीएस या दोन्ही रेषा वर आहेत का पाहतो: मोडेम चालू आहे का, आणि घ्यायला तयार आहे का. समोर मोडेमच नाही तर होकार कोण देणार? त्याचा होकार त्यालाच परत द्यायचा. पिन ४ आणि ५ जोडल्या. ६, ८ आणि २० एकत्र बांधल्या. म्हणजे यंत्र स्वतःच विचारतं आणि स्वतःच हो म्हणतं. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आहे हा, पण चालतो.

फाइल गेली! लॅपटॉपवर "मराठी"च्या जागी आलं: एल, ओ, झेड, मग > आणि मग \.

या पाच खुणांकडे बघत चहा गार केला. मग कागदावर मांडलं. २०४ मधून १२८ वजा केले की ७६, म्हणजे एल. २०७ मधून वजा केले की ७९, म्हणजे ओ. वरचा आठवा बिट कुणीतरी खाल्ला. खाणारा मीच: पोर्टचं सेटिंग करणाऱ्या मोड कमांडला नुसता वेग दिला होता, बाकीचं तिच्यावर सोडलं होतं. आणि काही सांगितलं नाही तर डॉसची मोड सात बिट आणि इव्हन पॅरिटी धरते. इंग्रजीला सात बिट पुरतात, त्यामुळे इंग्रजी फाइल पाठवली असती तर हा दोष दिसलाही नसता. आठ बिट, पॅरिटी नाही, असं स्पष्ट सांगितल्यावर पाचही बाइट जसेच्या तसे आले.

१७ नोव्हेंबर

मग काम संपलं की! एकेक फाइल बायनरी कॉपीनं कॉम-१ वर ढकलायची, लॅपटॉपवर झेलायची. असं वाटलं खरं. एक फाइल मुद्दाम दोनदा पाठवली आणि ताडून पाहिली. दुसऱ्या वेळी एक बाइट कमी. कनेक्टर हलतंय बहुतेक, पण प्रश्न कनेक्टरचा नाही. नुसत्या कॉपीत बाइट हरवला तर ना पाठवणाऱ्याला कळतं ना घेणाऱ्याला.

आणि इस्कीत एक बाइट म्हणजे काय? "खंत" म्हणजे तीन बाइट: ख, अनुस्वार, त. मधला पडला की "खत". शुद्धलेखन तपासणाऱ्यालाही तो सापडणार नाही, शब्द बरोबरच आहे. मामांच्या यादीतले निम्मे शब्द तर मला माहीतच नाहीत; त्यातला कुठला मोडला ते मी कशावरून ओळखणार? शिवाय नुसत्या कॉपीत फाइलचं नाव आणि तारीख मागेच राहते. ३४० वेळा नावं हातानं द्यायची तर चुका माझ्याच होतील.

तेव्हा फाइलचे तुकडे, म्हणजे पाकिटं, करून प्रत्येक पाकीट तपासून घेणारं सॉफ्टवेअर हवं, केरमिटसारखं. ते एक्सटीत पोचवायचं कसं? फ्लॉपी मेलेली. मोडेम सॉफ्टवेअर आत घालायला आधी आत मोडेम सॉफ्टवेअर हवं.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान, सुट्टी. सकाळी रांगेत उभं राहून आलो, शाई वाळायच्या आत सोल्डरिंग गन हातात. कनेक्टर पक्कं केलं.

दुपारी डीबग. डॉससोबत येणारं हे हत्यार कुणी वापरत नाही, पण त्यात थेट असेम्ब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या आज्ञा, टाइप करता येते. घेणारा प्रोग्राम हातानं लिहिला. सीरिअल पोर्टच्या ३एफडी पत्त्यावर विचार, अक्षर आलंय का. नसेल तर परत विचार. असेल तर ३एफ८ वरून उचल, मेमरीत ठेव, पुढे सरक. ठरलेली संख्या झाली की थांब. सगळा मिळून बावीस बाइट. मी आजवर लिहिलेल्या प्रोग्रामांत एवढा लहान आणि एवढा उपयोगी दुसरा नाही.

जमेल का याची धाकधूक होती. हिशोब केला: ९६०० च्या वेगाला एक अक्षर साधारण १.०४ मिलिसेकंदांनी येतं. तेवढ्यात ४.७७ मेगाहर्ट्झचं मशीन पाचएक हजार ठोके टाकतं. भरपूर झाले. फक्त पडद्यावर काही दाखवायचं नाही. या सीरिअल चिपेत एकाच आलेल्या अक्षराला जागा. १६५५०ए चिपेसारखी सोळा अक्षरांची रांग नाही. इकडे पडदा वर सरकवत बसलात की तिकडे पुढचं अक्षर मागच्याच्या डोक्यावर येऊन बसतं.

पण हे बावीस बाइट येतील ते सगळं मेमरीतच ठेवतात, डिस्कवर काही लिहीत नाहीत. एका सेगमेंटात, म्हणजे ६४ केबीत, मावेल तेवढंच घेता येतं. म्हणून यातून थेट केरमिट नाही घेतला, मधली पायरी घेतली: लॅपटॉपवर नॅझम या असेम्ब्लरमध्ये एक्समोडेमचा (फाइल ठोकळ्याठोकळ्यानं तपासत नेण्याची जुनी रीत) घेणारा लिहिला, ६११ बाइट. तो बावीस बाइटांच्या दारातून आत आला.

एक्समोडेम वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ साली, डॉसच्या आधीच्या सीपी/एम मशीनांसाठी केला. तिथला डिस्कचा सेक्टर १२८ बाइटांचा, म्हणून एक्समोडेमचा ठोकळाही १२८ चाच. पुढे तीन बाइटांचं डोकं, मागे एक बाइट बेरजेचा, एकूण १३२. घेणारा बेरीज ताडतो, डिस्कवर लिहितो, मग "मिळालं" म्हणतो. तोवर पाठवणारा गप्प उभा. त्यामुळे फाइल केवढीही असो, मेमरी लागते फक्त एका ठोकळ्याची, आणि डिस्क लिहीत असताना काही सांडत नाही. २५६ केबीची तक्रार करणाऱ्या मला त्यांनी १३२ बाइटांत गप्प केलं. क्रिस्टेन्सन गेल्याच महिन्यात वारले, वय ७८.

२३ नोव्हेंबर

मतमोजणी. टीव्ही बाहेर, मी आत.

फक्त घेणारा लिहिलाय, पाठवणारा नाही. तोही लिहिता आला असता, पण एक्समोडेमला फाइलचं नावच कळत नाही आणि शेवटचा ठोकळा तो भरतीच्या बाइटांनी १२८ पर्यंत फुगवतो. ३४० फाइलींना केरमिटच हवा: नाव नेतो, लांबी पाळतो, सगळ्या डिरेक्टरीला एकच आज्ञा.

केरमिट हा कोलंबिया विद्यापीठात १९८१ साली फ्रँक डा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी केला. विद्यार्थ्यांना मोठ्या संगणकावरची फाइल आपल्या फ्लॉपीवर नेता यावी, एवढ्यासाठी. नाव बेडकाचं, मपेट्समधल्या.

हौसेनं ३.१४ घेतला, १९९५ चा, सगळ्या सोयींचा. पाच-सहा मिनिटं ठोकळे मोजत बसलो. चालवला तर: प्रोग्रॅम टू बिग टु फिट इन मेमरी. त्यात नेटवर्क आहे, ग्राफिक्स टर्मिनल आहे, मागे गेलेले पडदे परत बघायची सोय आहे. मला एक फाइल त्या खिडकीतून या खिडकीत द्यायचीय. चूक माझीच. नवी आवृत्ती घ्यायची सवय जात नाही.

संग्रहातून २.२९ काढला, १९८६ चा. थोडा शेंगदाण्याचा खाऊ, मग चालवला. बसला, आणि पाय पसरायला जागाही उरली.

२४ नोव्हेंबर

एक्सटीवर २.२९, लॅपटॉपवर सी-केरमिट. दोघांच्या वयात कितीतरी वर्षांचं अंतर, पण पहिल्या पाकिटात दोघे आपापली कुवत सांगतात आणि जे दोघांना जमतं त्यावर ठरतं. इथे ठरलं ते ९४ अक्षरांचं पाकीट. पाकिटं लहान आणि प्रत्येकामागे पोच, त्यामुळे वेग कमी, होऊ दे.

एक गोष्ट करून बघितली, निव्वळ कुतूहल. मुद्दाम पॅरिटी इव्हन केली, परवाचीच चूक. या वेळी "मराठी" मोडलं नाही. तार सात बिटांची आहे हे कळलं की केरमिट वरच्या प्रत्येक अक्षराआधी & ची खूण लावून पाठवतो आणि पलीकडे जोडून घेतो. फक्त आपली बहुतेक सगळी अक्षरं वरच्याच घरात, त्यामुळे मराठी फाइल जवळपास दुप्पट फुगते. इंग्रजीला याची झळ लागत नाही. पॅरिटी परत काढली. आठ बिटांच्या तारेवर इस्कीची अक्षरं खुणेशिवाय जातात. खूण लागते ती कंट्रोल अक्षरांना आणि त्यांच्या वरच्या सावल्यांना, इस्की त्यात येत नाही.

लॅपटॉपला फाइल बायनरी म्हणून घ्यायला सांगितलं आणि पूर्ण डिरेक्टरी सोडली. पाऊण तास. मध्ये सहा पाकिटं दुसऱ्यांदा मागवली गेली. परवाच्या कॉपीत हीच सहा ठिकाणं मी न कळत गमावली असती. आईनं विचारलं, "ती गिरणी बंद कधी होणार?"

३३८ फाइली आल्या. दोन ठिकाणी डिस्कच वाचेना. रिट्राय सात-आठ वेळा करून एक मिळाली. दुसरीतला एक सेक्टर गेला तो गेला.

३० नोव्हेंबर

इस्कीवरून युनिकोड. लहानशी पायथन स्क्रिप्ट, बहुतेक एकाला एक तक्ता. दोन जागी थबकलो. हलंतापुढे हलंत आला तर पाय मोडलेलाच दाखवायचा, हलंतापुढे नुक्ता आला तर अर्धं अक्षर. ते दोन नियम वेगळे लिहावे लागले. आणि ऱ. "गुऱ्हाळ" मधला तो चंद्रकोरीसारखा र रफार होऊन "गुर्हाळ" होईल अशी भीती होती. झाला नाही. इस्कीत ऱ ला स्वतःचा कोड आहे, २०८. मामांनी प्रत्येक ठिकाणी तोच वापरलाय. युनिकोडनंही ही रीत इस्कीकडूनच घेतली, ऱ आणि हलंत. "कुऱ्हाड", "चऱ्हाट", सगळे नीट उभे राहिले.

पहिली फाइल छापून मामांना फोटो पाठवला. लगेच फोन. "घावलं व्हय! अरे पर सोंदूरपुढं अर्थ अर्धाच हाय."

तो गेलेला सेक्टर. ५१२ बाइट, म्हणजे साताठ शब्द. यादी वाचून दाखवली, कुठून कुठे तुटलंय ते सांगितलं. मामा थोडा वेळ गप्प, मग म्हणाले, लिहून घे. सहा शब्द सांगितले. सातवा आठवेना, उद्या शिवारात तुकातात्याला विचारून सांगतो म्हणाले.

१ डिसेंबर

सातवा शब्द अजून आला नाही. फाइलीत जागा मोकळी ठेवलीय.

लॅमिंग्टन रोडचं पार्सल परवाच आलं. नऊ चिपा, काळ्या फोमात टोचलेल्या. घातल्या तर ५१२ केबी होतील, पुढच्या रांगाही जाग्या झाल्या तर ६४०. पाकीट फोडलं नाही.

डिस्क बंद करण्याआधी हेड पार्क केले, म्हणजे वाचणारे हेड सुरक्षित जागी नेऊन ठेवले. एसटी-२२५ ते आपणहून करत नाही, आणि मशीन पुढच्या रविवारी कराडला परत जायचंय.